डिझेल संपत आलं असताना शहरात आधी काय चालू ठेवायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नुकत्याच अभियंता म्हणून रुजू झालात. 7 मे 2025 च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलमध्ये भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. पण युद्ध महिनोन्महिने लांबलं आणि वीज, डिझेल, क्लोरीन सगळंच तुटपुंजं झालं, तर शहरातलं आधी काय बंद करायचं, हे कुणीच सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

मी एका नदीकाठच्या महापालिकेत 31 वर्षं पाणीपुरवठ्यात काढली. प्रत्यक्ष युद्धात शहर चालवण्याची वेळ माझ्यावर आली नाही, हे आधीच सांगतो. लोडशेडिंगची ती सगळी वर्षं, दोन दुष्काळ आणि उपसा केंद्र बुडवणारा एक महापूर मात्र मी पाहिला. निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धात वेढा पडलेलं रशियातलं लेनिनग्राड, बोस्नियाच्या युद्धात वेढलेलं सारायेव्हो, युक्रेनमधली शहरं यांचे जे अहवाल हाती लागले ते वाचत गेलो, कारण त्यांत मला आमचेच पंप, आमचेच चावीवाले, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे, दिसत होते. त्या जोरावर लिहितोय.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून मांडतो. काय बंद करायचं, हे फारसं कुणाला ठरवावं लागत नाही. अर्धं शहर आपोआपच बंद पडतं. खरा प्रश्न असा की आज सकाळी तुमच्याकडे 800 लिटर डिझेल आहे, उद्याचा भरवसा नाही, तर ते कुठे ओतायचं? आणि हे त्या सकाळी ठरवायचं की आधीच लिहून ठेवायचं?

बऱ्याच गोष्टी शहरागणिक बदलतात. पाणी उताराने येतं की उपसून, हा सगळ्यात मोठा फरक. मुंबईला तानसा-वैतरणेचं पाणी उताराने येतं, भातसाचं पाणी मात्र पिसे-पांजरापूरला पंपाने उचलावं लागतं. म्हणजे एकाच शहरात वीज गेल्यावर काही पाणी येत राहील आणि काही थांबेल. दुसरा फरक, उगम तुमच्या ताब्यात आहे का. सारायेव्होचा मुख्य उगम इलिजाजवळ बाचेव्होला होता आणि वेढा घालणाऱ्यांच्या हातात होता. 1992 ते 1996 या वेढ्यात शहराच्या अभियंत्यांच्या कौशल्याला तिथे मर्यादाच पडली. तिसरा फरक, शहरावर तोफा पडताहेत की फक्त माल येत नाही. पुढचं वाचताना आपापल्या शहराचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा.

आता हिशेब. प्रत्येक नव्या अभियंत्याला मी हा हिशेब स्वतःच्या हाताने करायला लावायचो.

10 लाख लिटर पाणी 60 मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटर मिळून 65 टक्के कार्यक्षमता धरली, तर सुमारे 250 युनिट वीज लागते. जनरेटर लिटरमागे सव्वातीन युनिटांच्या आसपास देतो. म्हणजे 75 ते 80 लिटर डिझेल. तेच 10 लाख लिटर 10 हजार लिटरच्या टँकरने वाटायचं तर 100 खेपा. जाऊन-येऊन 10 किलोमीटरची खेप आणि लिटरला चार किलोमीटर धरले, तर 250 लिटर डिझेल. तुमच्या लाईनला 35 टक्के गळती असली, तरी नळाने तेवढं पाणी पोचवायला 120 लिटर पुरतं. गळकी लाईनसुद्धा टँकरच्या निम्म्याहून कमी डिझेलमध्ये काम करते. माणशी रोज 15 लिटर ही आपत्तीतली किमान गरज जगभर धरतात. त्या मापाने 10 लाख लिटर म्हणजे 66 हजार माणसांचा दिवस.

तरी टंचाई आली की पहिली मागणी टँकरचीच होते, कारण टँकर दिसतो. गल्लीत आलेला टँकर नगरसेवकाला दाखवता येतो, उपसा केंद्रातल्या जनरेटरचा फोटो कुणी काढत नाही. आमच्याकडे एका उन्हाळ्यात डिझेलचा जवळजवळ सगळा कोटा टँकरकडे वळवला गेला. उपसा केंद्राचा जनरेटर चार दिवस उभा होता आणि ज्या भागात नळाने पाणी गेलं असतं तिथेही टँकर फिरत होते. मी कागदावर विरोध नोंदवला, पण हा हिशेब आधी मांडून ठेवलेला नव्हता. ऐन गडबडीत मांडलेला हिशेब कुणी ऐकत नाही. म्हणून तो आत्ता, शांततेत, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने फाईलला लावा.

एक तांत्रिक गोष्ट इथेच. जनरेटर मोटरच्या हॉर्सपॉवरएवढा घेऊन भागत नाही. मोटर सुरू होताना कितीतरी जास्त करंट ओढते. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला तर लहान जनरेटरवर काम निघतं. शक्य असेल तर सगळ्या शहराला पुरेल असा एकच मोठा पंप ठेवण्यापेक्षा टंचाईसाठी एक छोटा पंप वेगळा ठेवा. 23 नोव्हेंबर 2022 ला वीजव्यवस्थेवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यानंतर युक्रेनची राजधानी क्यीवमध्ये दिव्यांबरोबर नळही गेले. वीज आणि पाणी ही आपल्या मनात दोन खाती असतात, पण पंपाच्या दृष्टीने ते एकच खातं आहे.

माझा क्रम असा, आणि तो का, तेही सांगतो. आधी क्लोरीन, मग पाण्याचा उपसा, मग मैला, मग ओला कचरा. रुग्णालयं या क्रमाच्या बाहेर. त्यांना वेगळी लाईन, वेगळा साठा, आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही.

क्लोरीन आधी का? न शुद्ध केलेलं पाणी नळाने घरोघर पोचवणं हे पाणी न देण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. पाणी नसेल तर माणूस विहीर शोधतो, हातपंप शोधतो, उकळून पितो, सावध असतो. नळाला आलेल्या पाण्यावर तो विश्वास ठेवतो. येमेनमध्ये युद्धात पंपांना इंधन नाही, मैल्याची केंद्रं बंद, सफाई कामगारांचे पगार महिनोन्महिने थकलेले, असं सगळं एकत्र आलं आणि 2017 संपेपर्यंत कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांचा आकडा 10 लाखांवर गेला. त्यातली एक गोष्टही बॉम्बइतकी मोठी बातमी नव्हती.

साठवण कशी करायची, यावर फार कमी लोक बोलतात. शुद्धीकरण केंद्रावर क्लोरीन वायूचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, असतात, एकेकात 900 किलोच्या आसपास वायू. शांततेत ते स्वस्त आणि सोयीचे, पण युद्धात तोच वस्तीशेजारी ठेवलेला विषारी वायू ठरतो. पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्कचं पाणी शुद्ध करणारं फिल्टर केंद्र 2014 नंतर दोन्ही फौजांच्या मधोमध सापडलं होतं, आणि तिथल्या क्लोरीनच्या साठ्यावर गोळा पडला तर काय, ही भीती वर्षानुवर्षं होती. म्हणून युद्धाची शक्यता दिसली की वायूचा साठा कमीत कमी करायचा आणि सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरकडे वळायचं. पावडर पडून राहिली की तिचा जोर उतरतो. ताजी असताना तिच्यात 33 टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो, पण ओल आणि उष्णता लागलेल्या गोणीत काही महिन्यांनी त्यातला किती उरला, हे तपासल्याशिवाय कळत नाही. गोणीवरची तारीख पाहून डोस ठरवू नका. नळाच्या टोकाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी, घ्या. एरवी शेवटच्या घराला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम पुरतो, अशा दिवसांत 0.5 मिळाला पाहिजे.

आणि सगळा साठा एकाच शेडमध्ये कधीही नको. लेनिनग्राडच्या बादायेव गोदामांना 8 सप्टेंबर 1941 ला बॉम्बने आग लागली आणि पीठ-साखर जळाली. मुंबईने हे 14 एप्रिल 1944 ला पाहिलं. गोदीतल्या फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटाने बोटी आणि गोदामं गेली आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. मुंबईत रेशनिंग सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

आता पाण्याचा उपसा. इथे मला युक्रेनमधल्या मिकोलाइव्हचं उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. या साडेचार-पावणेपाच लाख वस्तीच्या शहराला नीपर नदीचं पाणी लांबच्या जलवाहिनीने यायचं. एप्रिल 2022 मध्ये लढाईत ती वाहिनी फुटली. महिनाभर नळ कोरडे होते. मग शहराने जवळच्या दक्षिण बुह नदीच्या खाडीकडचं खारट पाणी नळांत सोडायचं ठरवलं. ते पिता येत नव्हतं, आणि त्या खारटपणाने नळ आणि मुख्य लाईनी गंजून फुटायला लागल्या. लोक पिण्याचं पाणी कॅन घेऊन वेगळ्या ठिकाणांहून आणत होते.

हा निर्णय चुकला का? मला विचाराल तर मीही तोच घेतला असता. कोरड्या लाईनीत संडास चालत नाहीत, मैला वाहत नाही, आग विझवता येत नाही. वर बंद लाईनीत बाहेरची घाण शिरते ती वेगळीच. आपल्या घरांत पिण्याचं पाणी आणि वापरायचं पाणी ही दोन भांडी पूर्वीपासून वेगळी आहेत. संकटात शहरालाही तेच करावं लागतं. नळाने वापरायचं पाणी, आणि पिण्याचं पाणी ठरावीक ठिकाणी, शुद्ध करून, मापाने. मात्र हे लोकांना रोज, स्पष्ट, प्रत्येक गल्लीत सांगावं लागतं. लहान मुलं नळालाच तोंड लावतात.

पाणी वाटायची ठिकाणं पुष्कळ आणि छोटी ठेवा. सारायेव्होत लोक दारूभट्टीच्या झऱ्यावर रांगा लावायचे. जानेवारी 1993 मध्ये त्या रांगेवर गोळा पडला आणि आठ माणसं गेली. त्याच वर्षी जुलैत दोब्रिन्या वस्तीत पाण्याच्या रांगेत डझनभर माणसं मेली. तोफा नसल्या तरी गर्दी धोकादायकच. लातूरमध्ये 2016 च्या टंचाईत पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत 5 लाख लिटर घेऊन. एका नळावर अडीचशेपेक्षा जास्त माणसं नकोत, हे माप मी तरी पाळायचो. सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांचाही हिशेब ठेवा. त्या भरलेल्या असल्या की तुमच्या हातात एक दिवस जास्त असतो.

मैल्याबद्दल एक कटू निर्णय सांगतो. डिझेल नसेल तर शुद्धीकरण प्रकल्पाच्या हवा घालणाऱ्या मोटरी बंद कराव्या लागतात आणि मैला बायपास करून उपसा केंद्राच्या खालच्या अंगाला नदीत सोडावा लागतो. एरवी आपण यासाठी नोटिसा देतो. पण सखल वस्तीत घराघरांत मैला उलटण्यापेक्षा ते बरं. खालच्या गावांना त्याच तासाला कळवायचं, हे आपलं कर्तव्य. आणि लक्षात ठेवा, माणशी 15-20 लिटरच पाणी दिलं तर गटारात प्रवाहच राहत नाही, घट्ट माल बसत जातो. आठवड्यातून एकदा भाग पाडून थोडं जास्त पाणी सोडावं लागतं, नाहीतर महिन्याभरात चेंबर भरून वाहायला लागतात.

कचऱ्याचं उदाहरण लेनिनग्राडचं. 1941-42 च्या हिवाळ्यात वीज नाही म्हणून पंप थांबले, पाण्याच्या आणि मैल्याच्या लाईनी गोठल्या, आणि सगळी घाण अंगणांत, रस्त्यांवर साठून बर्फ झाली. वसंतात ती वितळून पाण्यात उतरली असती. 27 मार्च ते 15 एप्रिल 1942 या दिवसांत सुमारे तीन लाख लोकांनी, त्यांत बहुतेक बायका आणि सगळेच उपाशी, पहारी-फावड्यांनी शहर साफ केलं. सुमारे 10 लाख टन घाण हलवली. ज्या साथीची भीती होती ती आली नाही. 15 एप्रिललाच प्रवासी ट्रॅम पुन्हा सुरू झाली. तिच्या घंटेने लोक रडल्याच्या आठवणी नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे बर्फ नाही, पण पहिला पाऊस तेच काम करतो. म्हणून ओला कचरा गल्लीच्या आसपासच जिरवा, ढकलगाड्या वापरा, डंपरला डिझेल देऊ नका. सुका कचरा थांबला तरी चालतो. टंचाईत वेष्टनं, पुठ्ठे मुळातच कमी निघतात.

वाहतुकीवर फार लिहीत नाही, तो माझा विषय नाही. एकच म्हणेन, बसच्या फेऱ्या कमी करताना पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची बस काढू नका. त्याच बसने तुमचे सफाई कामगार, नर्सेस आणि पंपचालक येतात.

आता वेळापत्रक, ज्याबद्दल मला आजही अपराधी वाटतं.

लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही एका पेठेला पहाटे पाचला पाणी सोडतो असं जाहीर केलं होतं. वीज कधी तीनला यायची, कधी सातला. राइझिंग मेन, म्हणजे पंपापासून उंच टाकीपर्यंतची मुख्य लाईन, रिकामी झालेली, ती पुन्हा भरायलाच दीड-दोन तास. त्यामुळे पाणी कधी सहाला, कधी नऊला. लोकांनी तोट्या उघड्या ठेवून खाली पिंप लावायला सुरुवात केली, काहींनी थेट लाईनला मोटरी जोडल्या. लाईनीतला दाब गेला की ती बाहेरचं पाणी आत ओढते, आणि त्या पेठेत पाण्याची लाईन गटाराला खेटून होती. महिनाभराने कावीळ आली. त्यात एक गरोदर बाई दगावली. क्लोरीनचं रजिस्टर व्यवस्थित होतं. वेळापत्रक माझं होतं, आणि ते खोटं होतं.

त्यानंतर मी नियम केला. रोज एक तास जाहीर करण्यापेक्षा तीन दिवसांनी एकदा, पण नक्की. वीजमंडळाकडून लेखी वेळ मिळेपर्यंत काहीही जाहीर करायचं नाही. वेळ चुकणार असेल तर रिक्षावर भोंगा लावून आदल्या रात्री सांगायचं. आणि लाईन भरल्यावर पहिली पंधरा मिनिटं पाणी वाहू द्यायचं, टंचाई असली तरी. ते वाया जातंय असं लोक ओरडतात. ते पाणी वाया जात नाही, लाईन धुतली जाते. एकदा लोकांचा वेळेवर विश्वास बसला की तोट्या बंद राहतात, आणि आमच्याकडे त्यानेच पाण्याची उचल कमी झाली.

कुणाला किती, हा प्रश्न येईलच. उंचावरच्या आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीला आधी द्या. सपाटीवरचे लोक उरलेल्या दाबातही भरून घेतात. मोठ्या साहेबांच्या कॉलनीला इतरांच्या वेळेतच पाणी जातंय, हे गावाला दिसलं पाहिजे. युक्रेनच्या शहरांनी वीजकपातीचे गट करून कोणत्या गटाची वीज केव्हा जाणार हे उघड जाहीर केलं, ते त्यासाठीच.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात दुर्मीळ वस्तू, माणसं. डिझेल विकत मिळतं, निष्णात चावीवाला मिळत नाही. कोणता व्हॉल्व्ह साडेतेरा आटे फिरतो, कोणता उलटा बसवलाय, कोणता रस्त्याच्या डांबराखाली गेलाय, हे त्याच्या डोक्यात असतं. एप्रिल 2018 मध्ये दोनेत्स्क फिल्टर केंद्राच्या कामगारांच्या बसवर गोळीबार झाला आणि पाच जण जखमी झाले. तरी ते केंद्र माणसांनीच चालवत ठेवलं. दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंकडून काही तासांची शांतता मागून घ्यायची आणि त्यात काम उरकायचं, अशी पद्धत तिथे बसली होती. आपल्याकडच्या यादीत चावीवाले, पंपचालक, मैला-गटारातले कामगार यांच्या घरच्यांचं रेशन, औषध आणि त्यांचा पगार या गोष्टी क्लोरीनच्या बरोबरीने लिहा. कंत्राटी आहेत म्हणून त्यांना यादीबाहेर ठेवू नका. पगार थकला की माणूस पहिल्या आठवड्यात येतो, तिसऱ्यात नाही. आणि भोंगा वाजल्यावर दुरुस्तीला धावू नका. एकाच जागी थोड्या वेळाने दुसरा मारा होतो, आणि त्यात मदतीला गेलेलेच सापडतात.

थोडक्यात परत मांडतो: नळ टँकरच्या आधी, क्लोरीन उपशाच्या आधी, साठा विभागून, वेळापत्रक खरं, कामगारांचं घर सांभाळून. बाकी तुमच्या शहराच्या उंच-सखलपणावर.

आणि आत्ता काय करता येईल, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तुमच्याकडचा सगळ्यात जुना चावीवाला कोण ते शोधा. त्याच्याबरोबर पहाटे चारला निघा, सलग दहा दिवस. प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबर, किती आटे, कोणत्या बाजूने फिरतो, कोणत्या गल्ल्या त्यावर, जवळची ओळखायची खूण, हे सगळं वहीत लिहा. जो व्हॉल्व्ह फिरत नाही त्याला ग्रीस करून घ्या. मग वहीच्या तीन प्रती करा. एक उपसा केंद्रात, एक नगरपालिकेत, एक तुमच्या घरी. आमची वही एकच होती आणि ती उपसा केंद्राच्या टेबलाच्या खणात होती. पुराचं पाणी ओसरल्यावर आम्ही तो खण उघडला तेव्हा आत लगदा होता. त्या रात्री ज्याच्या डोक्यात शहराचे सगळे व्हॉल्व्ह होते, त्या आमच्या निवृत्त चावीवाल्याला आम्ही त्याच्या गावाहून ट्रॅक्टरवर बसवून आणलं. तेव्हा तो 67 वर्षांचा होता. दोन दिवस तो जेवायलाही घरी गेला नाही.